घडीचे महागडे चाकू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर फक्त खिशात मावणाऱ्या, पातं मुठीत दुमडून ठेवता येणाऱ्या चाकूंबद्दल लिहिलं आहे. पात्याची लांबी साधारण 70 ते 95 मिलिमीटर, किंमत दीडशे डॉलरपासून पुढे कितीही. तलवारी, कट्यारी, खुकऱ्या हा वेगळा छंद आहे आणि त्याचे कायदेही वेगळे आहेत.

पाचशे डॉलरच्या चाकूत असं काय असतं, जे पन्नास डॉलरच्या चाकूत नसतं?

धार तर नक्कीच नाही. नवा असताना पन्नास डॉलरचा चाकूही कागद सपासप कापतो. जास्तीचे पैसे तीन ठिकाणी जातात: पातं ज्यावर फिरतं तो पिव्हट, उघडलेलं पातं धरून ठेवणारं लॉक आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून त्याला कडक करण्याचं काम.

अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी इथे तयार होणारा क्रिस रीव्ह या कारागिराच्या कंपनीचा ‘सेबेन्झा’ हा चाकू उदाहरणादाखल घ्या. त्याच्या पिव्हटमध्ये एक बुशिंग (छोटी पोकळ नळी) असतं. त्याची लांबी पातं आणि दोन्ही बाजूंचे फॉस्फर ब्राँझचे वॉशर यांच्या जाडीशी तंतोतंत जुळवलेली असते. त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं मोकळं फिरतं आणि डुलतही नाही. स्वस्त चाकूत हा मधला बिंदू तुम्हाला हाताने शोधावा लागतो: जरा आवळलं की पातं जड, जरा सैल सोडलं की डुगडुग. शोधलेला बिंदूही आठवड्याभरात सरकतो.

पाचशेच्या वर मात्र चाकू फारसा सुधारत नाही. पुढचे पैसे दमास्कस पातं, शिंपल्याचं किंवा कार्बन फायबरचं जडावकाम आणि कारागिराचं नाव यांचे. आवड असेल तर जरूर द्या, पण आपण कशाचे पैसे देतोय हे ठाऊक असू द्या.

लॉकचे इतके प्रकार आहेत. कोणतं घ्यावं?

सगळ्यांत जुनी रचना स्लिपजॉइंटची. तिच्यात लॉकच नसतं. पाठीची स्प्रिंग पात्याला दाब देते आणि जोर लावला की पातं मिटतं. व्हिक्टोरिनॉक्सचे बहुतेक छोटे लाल चाकू याच जातीचे. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची तरफ दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. 1964 साली आलेल्या बक 110 या अमेरिकन चाकूने ही रचना घरोघरी पोचवली. मजबूत असते, पण मिटायला बहुधा दोन हात लागतात.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ धातूची पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन अडते. त्याचं आजचं रूप 1980 च्या दशकात मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने घडवलं. क्रिस रीव्हने वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्याची स्प्रिंग केली. तो फ्रेम लॉक. चाकू घट्ट धरला की बोटांचा दाब लॉकवरच पडतो, हा त्याचा मोठा गुण.

बेंचमेड या अमेरिकन कंपनीने 1998 मध्ये 710 या मॉडेलवर ॲक्सिस लॉक आणलं. पात्याच्या बुडावर आडवी दांडी येऊन बसते आणि ओमेगाच्या आकाराच्या दोन बारीक तारा तिला पुढे ढकलतात. डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांना सारखंच सोयीचं, शिवाय मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. कमजोर जागा त्या तारांची. कधीतरी एक तुटते. दुसरीवर चाकू चालतो, पण बदलून घेईपर्यंत जोराच्या कामाला काढू नये. स्पायडर्को कंपनीच्या पॅरामिलिटरी 2 या चाकूमध्ये कंप्रेशन लॉक असतं. त्याची पट्टी मुठीच्या पाठीकडून दाबायची असल्याने मिटताना बोटं सुरक्षित राहतात.

डावखुऱ्यांनी फ्रेम लॉक घेण्याआधी डाव्या हाताची आवृत्ती मिळते का ते बघावं. बाकीच्यांनी हातात धरून ठरवावं. चांगल्या कंपनीचं यातलं कोणतंही लॉक रोजच्या कापाकापीला पुरून उरतं.

नवा चाकू हातात आला की काय काय तपासायचं?

आधी मिटलेला चाकू तोंडाकडून बघा. पातं मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्यभागी हवं. केसभर एका बाजूला असेल तर पिव्हट थोडा हलवून बरेचदा सुधारतं, पण पातं पट्टीला घासत असेल तर परत पाठवा. टोक मुठीत पूर्ण बुडालेलं आहे ना, हे बोटाने नव्हे, कापसाने तपासा. धागा अडकला तर टोक बाहेर आहे आणि ते खिसा फाडणार.

मग उघडा. फ्रेम किंवा लायनर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 50 टक्के भागावर टेकलेली असावी. जेमतेम कडेवर असेल तर घसरण्याची भीती. पार पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. आता मूठ एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पात्याची पाठ पकडून आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. डावी-उजवीकडची हालचाल बहुधा स्क्रू आवळून जाते. वर-खालीची जात नाही, कारण तो दोष लॉक आणि स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती खीळ) यांच्या मापाचा असतो. अशा चाकूशी खटपट न करता थेट कंपनीकडे पाठवावं.

शेवटी मिटलेला चाकू तोंड खाली करून एकदा झटका द्या, समोर कोणी नाही हे बघून. पातं उघडता कामा नये. लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी असते. ती पात्यावरच्या खळगीत बसून पातं मिटलेलं धरते, तिला डिटेंट म्हणतात. ती कच्ची असेल तर चाकू खिशात उघडू शकतो. ही एकच खोट चाकू नाकारायला पुरेशी आहे, मग बाकी तो कितीही देखणा असो.

लॉक अडकतं, मिटताना अंगठा दुखतो. बिघडलंय का?

टायटॅनियम पोलादावर दाबलं गेलं की चिकटतं. त्याच धातूचा तो स्वभाव आहे. नवा चाकू जोरात झटकून उघडला की हे जास्त जाणवतं. लॉकच्या टेकणाऱ्या कडेवर साध्या शिसपेन्सिलीने दोन-तीन रेघा ओढा, पन्नासेक वेळा सावकाश उघडमीट करा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. कड कानशीने घासायला जाऊ नका: दहावा भाग मिलिमीटर जास्त गेला तरी लॉक पुढे सरकतं आणि ते परत आणता येत नाही. नव्या महागड्या चाकूंत टोकाला पोलादाचा तुकडा जोडलेला असतो. सेबेन्झा 31 मध्ये डिटेंटची सिरॅमिक गोळीच लॉकची टेकणारी जागा म्हणूनही काम करते. त्यांत हा त्रास क्वचितच होतो.

पोलादांची नावं वाचून डोकं फिरतं. नेमकं काय बघायचं?

तीन गुण एकमेकांच्या जिवावर वाढतात: धार किती टिकते, पातं कितपत चिवट आहे आणि गंज किती सोसतं. चौथा गुण जाहिरातीत नसतो. तो म्हणजे घरच्या घरी धार लावता येते का.

एस30व्ही हे 2001 च्या सुमारास चाकूंसाठीच मुद्दाम तयार झालेलं पोलाद. त्यात साधारण 1.45 टक्के कार्बन, 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम. आजही ते सर्व बाजूंनी ठीक आहे. एम390, 20सीव्ही आणि 204पी ही तीन पोलाद कारखान्यांची तीन नावं, घटक जवळपास तेच, क्रोमियम 20 टक्के. धार खूप दिवस टिकते, पण बोथट झाली की साध्या दगडावर तास जातो. मॅग्नाकट हे 2021 मध्ये धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी आणलेलं पोलाद. क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के, तरीही गंजाला भारी. कारण सोपं आहे: इतर पोलादांत बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं, यात ते मोकळं राहतं आणि गंज रोखण्याचं काम करतं. डी2 मध्ये क्रोमियम 11-12 टक्के असूनही ते पूर्ण स्टेनलेस नाही, त्याचं हेच कारण.

आमचं मत विचाराल तर नावापेक्षा पाणी बघा. नीट पाणी दिलेलं साधं पोलाद, घाईत पाणी दिलेल्या भारी पोलादाला सहज मागे टाकतं. कंपनीने कडकपणाचा आकडा दिलेला असतो: एस30व्ही साठी 58 ते 61 एचआरसी (रॉकवेल हे कडकपणाचं माप), मॅग्नाकटसाठी 62 ते 64 ठीक. आकडाच देत नसतील तर तो मुद्दाम विचारा.

दमास्कस पातं जास्त धारदार असतं का?

नाही. आजचं दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून, आम्लात बुडवून दाखवलेली नक्षी. दक्षिण भारतातून एकेकाळी पश्चिम आशियात जाणारं वुट्झ पोलाद वेगळं. त्यातली नक्षी मुशीत वितळताना आणि थंड होताना आतूनच उमटायची. स्वीडनचं डामास्टील पूडपोलादापासून बनतं आणि उत्तम असतं. चार-पाच हजार रुपयांना मिळणाऱ्या ‘दमास्कस’मध्ये कोणतं पोलाद आहे ते विकणाराही बहुतेक वेळा सांगू शकत नाही.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चाकू कसे जपायचे?

चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि पात्यावर नेमकी शिवणीच्या रेषेत गंजाची टिंबं उमटतात. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, पाच लिटरच्या डब्याला 50 ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते कधी भाजून कोरडं करायचं ते कळतं.

पात्यावर तेलाचा फक्त हात फिरवायचा. फळं-भाजी कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको: खवट होतं, थंडीत गोठतं आणि पिव्हटमध्ये चिकटा धरतं. डब्ल्यूडी-40 साफसफाईला छान, पण उडून जातं, मागे टिकत नाही. समुद्रावर नेहमी जाणाऱ्यांनी एलसी200एन या न गंजणाऱ्या पोलादाचा किंवा स्पायडर्कोच्या सॉल्ट मालिकेतला चाकू घ्यावा, बाकीची कटकटच संपते.

महाराष्ट्रात असा चाकू जवळ बाळगणं कायदेशीर आहे का?

घरी संग्रहात ठेवणं आणि खिशात घेऊन फिरणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

1959 च्या शस्त्र कायद्याखालचे 2016 चे नियम पात्याची लांबी 9 इंच (22.86 सेंमी) किंवा रुंदी 2 इंच (5.08 सेंमी) यापेक्षा जास्त असलेल्या चाकूंना शस्त्रांच्या पाचव्या वर्गात टाकतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. घडीचे चाकू या मापाच्या निम्म्यालाही पोचत नाहीत.

पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळापुरते मनाई आदेश काढतात. त्यात चाकू आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी येते, तिथे पात्याची लांबी कोणी मोजत नाही. आदेश मोडला तर कलम 135 लागू होतं. गणपती, निवडणुका, मोर्चे अशा वेळी हे आदेश वारंवार निघतात. तुमच्या शहरात आज तो लागू आहे का, ते आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर बघूनच बाहेर पडा. गोव्यात हा कायदा लागू नाही, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली तिथेही तसे आदेश निघू शकतात.

दिल्लीला जाणाऱ्यांनी विशेष जपावं. 1980 च्या एका अधिसूचनेने तिथे खटक्याच्या, गरारीच्या (दातेरी चक्राच्या) किंवा यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंवर निर्बंध आहेत आणि माप फार छोटं आहे: पातं 7.62 सेंमी लांब आणि 1.72 सेंमी रुंद असलं तरी त्यात येतं. एका हाताने उघडणारे बरेच नवे चाकू या मापात सहज बसतात.

व्यवहारात असं करा: ट्रेकला, शेतावर, कॅम्पिंगला जाताना चाकू बॅगेत तळाशी, गुंडाळून. शहरात खिशाला क्लिप लावून मिरवू नका. बाहेर दिसणारी क्लिप पोलिसाला आणि समोरच्या माणसालाही वेगळंच सांगते. फारच गरज वाटत असेल तर किल्ल्यांच्या जुडग्यात 58 मिलिमीटरचा छोटा व्हिक्टोरिनॉक्स पुष्कळ झाला. मनाई आदेश असेल तेव्हा तोही घरीच.

खटक्याचा चाकू, रामपुरी वगैरे संग्रहात ठेवावा का?

रामपूरचं काम बघण्यासारखं असतं आणि 2023 मध्ये त्या गावाने चौकात सहा मीटरहून उंच चाकूच उभारला. पण संग्रहाच्या सुरुवातीला तो घेऊ नये. झडतीत सापडला तर ‘छंद आहे’ हे पटवणं टायटॅनियमच्या चाकूपेक्षा कितीतरी अवघड जातं.

स्वसंरक्षणासाठी कोणता चांगला?

कोणताच नाही. त्या हेतूने चाकू बाळगलात तर तो अवजार राहत नाही, कायद्याच्या लेखीही नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी नियम काय?

ब्रिटनमध्ये लॉक नसलेला आणि धार 3 इंचांपर्यंतची असलेला घडीचा चाकू कारण न दाखवता बाळगता येतो. लॉक असलेला चाकू तिथे ‘घडीचा’ धरतच नाहीत. त्यासाठी ठोस कारण दाखवावं लागतं, आणि फ्लिक (खटक्याने उघडणारा) चाकू तर घरी ठेवणंही गुन्हा आहे. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू वाजवी कारणाशिवाय बाळगायला मनाई आहे आणि 2024 पासून गर्दीच्या ठिकाणांचे नियम आणखी कडक झाले. अमेरिकेत राज्यागणिक चित्र बदलतं: कॅलिफोर्नियात 2 इंच किंवा त्याहून लांब पात्याचा खटक्याचा चाकू बाळगता येत नाही, न्यूयॉर्क राज्याने ग्रॅव्हिटी (पातं आपल्या वजनाने किंवा झटक्याने उघडणाऱ्या) चाकूंवरची बंदी 2019 मध्ये उठवली, पण न्यूयॉर्क शहरात 4 इंचांची मर्यादा आहेच.

विमानात नेता येतो?

केबिनमध्ये नाही, कितीही छोटा असो. चेक-इन बॅगेत गुंडाळून. मेट्रोच्या तपासणीतही अडवतात, तेव्हा ऑफिसच्या बॅगेत विसरलेला चाकू सकाळीच काढून ठेवा.

घरी धार कशी लावायची?

व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कडक असतात. त्यामुळे एस30व्ही, एम390, मॅग्नाकट यांना हिऱ्याच्या पट्ट्या लागतात. 400 आणि 1000 ग्रिट अशा दोन पुरतात.

धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ मारा. पातं पट्टीवर साधारण 17 ते 20 अंशांत धरून दोनदा फिरवा आणि बघा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पातं फार झोपलंय, फक्त धारेलगतची गेली तर फार उभं आहे. पूर्ण पट्टा पुसला गेला की कोन बरोबर. मग 400 वर एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बुंध्यापासून टोकापर्यंत बर जाणवेपर्यंत. बर म्हणजे धारेवर उलटलेली धातूची बारीक कड; नख हलकेच ओढलं की तिला अडकतं. आता बाजू बदला. त्यानंतर 1000 वर अगदी हलक्या हाताने, एक घासा या बाजूने, एक त्या बाजूने. शेवटी चामड्याच्या पट्टीवर 1 मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावून प्रत्येक बाजूला दहा-पंधरा वेळा, पातं मागे ओढत.

धार लागली पण दोन दिवसांत गेली, ही नेहमीची तक्रार असते. त्यात दोष बहुतेक वेळा पोलादाचा नसतो. बर मोडायच्या ऐवजी आडवी झालेली असते. तीच कागद कापते आणि पहिल्या पुठ्ठ्याला गळून पडते. शेवटचे घासे आणखी हलके करा.

रस्त्यावर सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे हे चाकू देऊ नका. फिरत्या दगडाने पातं तापतं आणि दिलेलं पाणी उतरतं.

सुपारी, नारळ, हाड?

सुपारीला अडकित्ता, नारळाला कोयता. पातळ धारेचे दात पडतात.

चाकू उघडून साफ करावा का? कसा?

वापरात असेल तर वर्षातून एकदा. त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. टी6, टी8, टी10 या मापांचे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे) बिट लागतात. चांगले बिट घ्या, स्वस्त बिटने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग काही खरं नाही. स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका. आत लॉकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) असतं. सोल्डरिंगची तापलेली टीप स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट धरा, सैल होतो. मुठीला नायलॉनची पट्टी असेल तर हे करू नये.

भाग काढाल त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडा, फोटो काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वॉशरला दोन्ही बाजूंनी बारीकसा थेंब, डिटेंटच्या खळगीत सुईच्या टोकाएवढा. लॉकच्या टेकणाऱ्या कडेवर तेल अजिबात नको, लॉक घसरतं. जास्त तेलाने चाकू गुळगुळीत होत नाही, खिशातला कापूस आणि धूळ तेवढी गोळा होते.

टायटॅनियमचा निळा रंग फिका पडला. गेला का?

तो रंग म्हणजे विजेने चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे, रंगद्रव्य नव्हे. साधारण 25-30 व्होल्टला निळा, त्याच्या दुप्पट व्होल्टला सोनेरी. बोटांचं तेल बसलं की रंग बदललेला दिसतो. अल्कोहोलने पुसा, बरेचदा परत येतो. ओरखडा आला असेल तिथे मात्र थरच गेलेला असतो.

नक्कल कशी ओळखायची?

सेबेन्झासोबत जन्मतारखेचं कार्ड येतं, पण नकली डब्यातही कार्ड असतं. म्हणून चाकूच बघा. अधिकृत वजनाशी काट्यावर ताडून बघा, 5 ग्रॅमचाही फरक संशयास्पद. स्क्रूच्या खळग्यांच्या कडा, पुसट कोरीव अक्षरं, पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार एकसारखे आहेत का, हे भिंगातून तपासा. निम्म्या किमतीत ‘नवा’ मिळत असेल तर भिंगाचीही गरज नाही.

जुन्या केस चाकूचं साल कसं काढायचं?

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने यासाठी चांगली सोय करून ठेवली आहे. 1970 मध्ये पात्याच्या बुडावरच्या शिक्क्याखाली दहा टिंबं होती आणि पुढे दर वर्षी एक कमी होत गेलं. म्हणजे सात टिंबं असतील तर 1973. 1980 मध्ये शिक्क्यातला एस विजेसारखा झाला आणि पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली. टिंबं नसलेला ‘केस एक्सएक्स यूएसए’ शिक्का 1965 ते 1969 मधला.

मॉडेलचा आकडाही बोलतो. 6254 मध्ये 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, 54 म्हणजे ट्रॅपर हा नमुना. 5254 असेल तर मूठ शिंगाची.

शिंगाची किंवा हस्तिदंती मूठ असलेला जुना चाकू भारतात आणू का?

नका आणू. शेफील्डच्या जुन्या चाकूंवरचं शिंग बरेचदा आपल्याकडच्या सांबराचंच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे सांबरशिंग आणि हस्तिदंत दोन्ही अडचणीत आणतात. हाड, लाकूड, मायकार्टा (राळेत घट्ट केलेलं कापड) यांच्या मुठी घ्या.

जुन्या पात्यावर काळे-करडे डाग आहेत. घासून चकचकीत करू का?

कार्बन पोलादावर कैरी, लिंबू, टोमॅटो कापून येणारी करडी झाक पात्याचं रक्षणच करते. संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात आणि पॉलिश केलेल्या पात्याला किंमत कमी देतात. लाल, बोटाला भुकटी लागणारा डाग मात्र गंज आहे. त्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा पितळी ब्रशने फक्त तेवढीच जागा खरवडा. शिक्क्याच्या आसपास सॅंडपेपर फिरवू नका. टिंबं पुसली गेली की साल ओळखायचा मार्गच गेला.